नजरेने बटण दाबताना भलतंच दाबलं जातं तेव्हा

भाऊ, तुमच्या बाबांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे, हात चालत नाहीत, आणि नजरेवर चालणारा लॅपटॉप पाहतील तिथे क्लिक करत सुटतो. दुपारी तर ऐकतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही गोष्टी आमच्या घरी घडल्यात. मामा नुसते वाचायला लागले की लॅपटॉप 'पाणी, पाणी' ओरडायचा अन् मामी गडवा घेऊन धावायची.

मशीन बिघडलेलं नाही. डोळा पाहायला दिलाय, आपण त्याला बोटाच्या कामाला लावलं. संगणक-संशोधक रॉबर्ट जेकब यांनी 1990 सालीच याला मिडास राजाची अडचण म्हटलंय: हात लावील ते सोनं, मग भाकरही सोन्याचीच. म्हणून नजर किती वेळ थांबली की निवड धरायची, तो वेळ सेटिंगमध्ये वाढवा. वाचताना नजर एका जागी साधारण पाव सेकंद टिकते. सरावलेली माणसं अर्ध्या सेकंदावर टाइप करतात, पण बाबांना सव्वा सेकंदापासून सुरुवात करू द्या. स्क्रीनचा मधला भाग रिकामा ठेवा. नजरेलाही टेकायला जागा लागते जी.

बटणं मोठी घ्या. चांगल्या यंत्राचाही नजरेचा अंदाज एका अंशाच्या कोनाने चुकू शकतो, म्हणजे दोन फुटांवरून सुमारे एक सेंटिमीटर. आम्ही आधी अख्खी बाराखडी बसवली अन् पस्तावलो. मग सहाच बटणं ठेवली: पाणी, कूस, पंखा, माशी, दुखतंय, नको. सगळ्यात जास्त चाललं ते 'नको'.

दुपारचा घोळ उन्हाचा. यंत्र डोळ्यावर न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकतं. त्याचा चमकता ठिपका बाहुलीपासून कुठे पडला, त्यावरून नजर ओळखतं. उन्हातही तोच उजेड असतो, आणि आपल्याकडचं ऊन म्हणजे बाप्पा! खाट ओसरीतून आतल्या खोलीत घ्या, पश्चिमेचं दार लोटा. उशी बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांकडे बघून यंत्राला नजर ओळखायला लावणं, पुन्हा करा. चष्मा दोन भिंगांचा असेल तर साधा लावून पाहा.

लाइट जाणारच, तेव्हा एक पारदर्शक प्लास्टिकचा तक्ता करून ठेवा. मध्ये चेहरा दिसेल एवढी खिडकी, कडेने अक्षरांचे गट. तो दोघांच्या चेहऱ्यांमध्ये धरायचा. बाबा आधी गटाकडे बघतील, मग त्यातलं अक्षर तुम्ही एकेक म्हणायचं. बरोबर आलं की ते पापणी मिटतील. वेळ लागतो, पण बॅटरी लागत नाही. मामांचं पहिलं पूर्ण वाक्य याच तक्त्यावर आलं: "आताच कापूस इकू नोको."