मुलं काउंटरवरच सल्ला देतायत, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार. मी लॉ कॉलेजच्या लायब्ररीत काउंटर सांभाळते, हाताखाली 9 विद्यार्थी पार्टटाइम आहेत. मुलं हुशार आहेत पण परीक्षा आली की अर्धी गायब, आणि गर्दी नेमकी तेव्हाच. दुसरं म्हणजे मागच्या महिन्यात बाहेरचे एक गृहस्थ नोटीस घेऊन आले तर आमच्या सेकंड इयरच्या मुलाने सरळ सांगून टाकलं, "उत्तर नाही दिलं तरी चालतं, काही होत नाही." मी ऐकलं म्हणून बरं. त्याला ओरडले, तर आता तो कोणी काहीही विचारलं की "मॅडमना विचारा" एवढंच म्हणतो. काय करू?

उत्तर: आधी नोटिशीचं बघू, कारण शिफ्ट कोलमडली तर दोन दिवस हाल होतात, पण असल्या सल्ल्याने त्या गृहस्थांची मुदत हुकली असती तर ती परत मिळेलच असं नाही. मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं हो, वर्गात रोज केस समोर ठेवून उत्तर विचारतात, काउंटरवर पण तेच डोकं चालतं. त्याला नुसतं 'बोलू नको' सांगून भागणार नाही, काय बोलायचं ते शिकवावं लागेल. कायदा कुठे सापडेल ते दाखवणं आपलं काम, तो तुम्हाला कसा लागू होतो ते सांगणं वकिलाचं.

एकदा तुम्हीच नोटीस घेऊन वाचक व्हा आणि त्याला काउंटरमागे उभं करा. त्याने म्हणायचं, "कलम कोणतं लिहिलंय? हा तो कायदा, दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंतच्या आहेत ते इथे छापलंय, पुढे काय करायचं ते वकिलांना विचारा." मग तुम्ही हट्ट धरा, "अरे तू लॉचाच ना, तुला काय वाटतं तेवढं सांग." मुलं घसरतात ती इथेच, त्यामुळे हे पाच-सहा वेळा करून घ्या.

तुमच्याकडे पाठवायला हरकत नाही, पण चिठ्ठीसकट. वाचकाने काय विचारलं, काय बघून झालं, दोन ओळी पुरे, नाहीतर बिचाऱ्याला परत पहिल्यापासून सांगावं लागतं. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयांसाठी मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं हेच आहे, वाचकाचा वेळ वाचवा.

आणि कोण काय वाचतोय हे काउंटरबाहेर जाता कामा नये, हे फार निक्षून सांगा. मूट कोर्टच्या, म्हणजे मुलांच्या लुटुपुटीच्या खटल्यांच्या स्पर्धेच्या दिवसांत समोरची टीम कुठले रिपोर्टर (निकालांचे खंड) काढतेय ते तुमच्या मुलाला दिसतं आणि तो स्वतः दुसऱ्या टीममध्ये असू शकतो.

शिफ्टचं म्हणाल तर परीक्षेचं टाइमटेबल लागलं की त्याच दिवशी तक्ता करायला घ्या, शिफ्ट दोन तासांची ठेवा, बदली माणूस ज्याचा त्याने शोधायचा आणि लिहून द्यायचं. सगळी एकाच वर्षाची मुलं घेऊ नका, दुसऱ्या विभागातली एक-दोन असू द्या. त्या आठवड्यांत रिझर्व्हची (लायब्ररीतच बसून वाचायची) पुस्तकं आणि इश्यू-रिटर्न एवढंच धरा, बाकी कामं मागे पडली तर पडू देत.

परीक्षा संपली की त्या मुलाला लूजलीफ फाइलिंगला बसवा, म्हणजे कायदा बदलला की सुट्या पानांच्या पुस्तकातली जुनी पानं काढून नवी घालायचं काम. सूचनेचा कागद शेजारी ठेवून एकाने जुनं पान काढायचं, दुसऱ्याने नंबर वाचून नवं घालायचं, आणि काढलेली पानं तुम्ही तपासेपर्यंत ट्रेमध्येच. जुन्या पानावरचं कलम आणि नव्या पानावरचं, दोन्ही शेजारी ठेवून त्याला वाचायला लावा, आठवणीतून कायदा का सांगायचा नाही ते त्याला तिथेच दिसेल.