जेल प्लेटवरची दुसरी प्रिंट फेकू नका

तुम्ही लिहिलंय की पाच बाय सात इंचांची जेल प्लेट (जिच्यावर रंग लावून कागदावर छाप घेतात ती मऊ, लवचिक पाटी) घेतली, घरातलेच रांगोळीचे प्लॅस्टिक स्टेन्सिल तिच्यावर वापरून पाहिले, पण नक्षीच्या कडा धूसर येतात. नागपूरच्या उन्हाळ्यात कागद टेकवेपर्यंत ॲक्रिलिक वाळून जातं, आणि जर्नलची, म्हणजे चित्रं-लिखाणाच्या वहीची, रंगवलेली पानं एकमेकांना चिकटून बसतात. पहिली प्रिंट मनासारखी आली नाही की प्लेट पुसून पुन्हा सुरुवात करता, असंही जाता जाता म्हटलंय. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे शेवटचं, म्हणून आधी त्याबद्दल.

स्टेन्सिल ठेवून काढलेल्या पहिल्या प्रिंटमध्ये फक्त भोकांतला रंग कागदावर येतो. स्टेन्सिल उचललं की त्याच्याखाली झाकलेला रंग प्लेटवर तसाच असतो, आणि भोकांच्या कडेला, जिथे कागद नीट पोचलेला नसतो, तिथे रंगाची एक बारीक रेघ उरते. आता लगेच दुसरा कागद ठेवा, तळव्यानं दाबा आणि उचला. नक्षीमागची जमीन रंगीत, नक्षी कागदाच्या रंगाची आणि प्रत्येक पाकळीच्या आतून ती रेघ फिरलेली, कुठे जाड, कुठे तुटलेली. ब्रशनं अशी रेघ मुद्दाम काढायची म्हटली तर निघत नाही. शिवाय स्टेन्सिलच्या खालच्या अंगाला अजून ओला रंग असतोच. ते धुवायच्या आधी तसंच जर्नलच्या कोऱ्या पानावर ठेवून वरून टिशू दाबा, तिसरी प्रिंट मिळाली.

जर्नलसाठी ही दुसरी-तिसरी प्रिंटच खरं धन आहे असं माझं ठाम मत आहे. पहिली ठसठशीत असते, ती फ्रेममध्ये शोभते, पण तिच्यावर लिहायला किंवा काही चिकटवायला जागा उरत नाही. दुसरी फिकी असते, तिच्यावर काम करावंसं वाटतं. फ्रेंच चित्रकार एडगर देगा १८७०च्या दशकात मोनोटाइप करायचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर शाईनं चित्र काढून त्याचा छाप घ्यायचा. पत्र्यावर उरलेल्या शाईचा दुसरा, पुसट छापही तो काढायचा आणि त्याच्यावर पेस्टल चढवायचा. त्याच्या बॅलेच्या आणि कॅफेतल्या गायिकांच्या कितीतरी पेस्टल चित्रांखाली असा मोनोटाइप आहे. उजेड-अंधार कुठे हे त्या छापानं आधीच ठरवून दिलेलं असायचं, देगा त्यावर रंग आणि तपशील भरायचा. तुमच्या फिक्या प्रिंटकडे याच नजरेनं बघा. पिवळ्या मातकट प्रिंटवर पांढऱ्या जेल पेननं नक्षीच्या चार पाकळ्या गिरवा, बाकीच्या सोडून द्या, एका कोपऱ्यात बसचं तिकीट चिकटवा, उरलेल्या जागेत लिहा. पान तयार.

आता धूसर कडा. रांगोळीचं स्टेन्सिल पूड पडायला केलेलं असतं, म्हणून ते जाड आणि कडक असतं. जेल प्लेटवर ते ठेवलं की कागद भोकाच्या तळाशी पोचतच नाही, मध्ये ठिपका उमटतो आणि कडेला कोरं राहतं. प्लेटसाठी पातळ, वाकणारं स्टेन्सिल हवं. ओएचपी शीट (पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव) उत्तम. जुनी एक्स-रे फिल्मही चालते. ती ब्लीच घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवली की काळा थर सुटतो आणि स्वच्छ पारदर्शक फिल्म हाती येते (हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा). खाली कटिंग मॅट, हातात नव्या पात्याचा कटर, आणि वळणावर पातं फिरवण्याऐवजी फिल्म फिरवा.

रांगोळीचे स्टेन्सिल मात्र टाकू नका. प्लेटवर त्यांची जी जाडी नडते, तीच मॉडेलिंग पेस्टसाठी (उठावदार नक्षीसाठीचा, वाळून घट्ट होणारा दाट लेप) कामाची. स्टेन्सिल थेट जर्नलच्या पानावर मास्किंग टेपनं पक्कं करा, जुन्या एटीएम कार्डानं पेस्ट एकाच दिशेनं पसरवा, जास्तीची खरवडून घ्या आणि स्टेन्सिल सरळ वर उचला. नक्षी चांगली उठावदार येते. स्टेन्सिल त्याच क्षणी पाण्याच्या बादलीत टाका. भोकांत पेस्ट वाळली की स्टेन्सिल वाया गेलं. नक्षी रात्रभर वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी पातळ केलेला तपकिरी रंग तिच्यावरून फिरवून ओल्या कपड्यानं पुसा. खोलगट भागात रंग बसतो, उंचवटे पांढरे राहतात.

मराठी अक्षरांचं स्टेन्सिल कापणार असाल तर दोन गोष्टी. व, ब, क यांच्या पोटातला तुकडा कापताना सुटून पडतो, म्हणून तिथे आधीच पेन्सिलीनं दोन बारीक पूल आखून ठेवा आणि ते सोडून कापा. शिरोरेषाही सलग कापू नका, अक्षराअक्षरामध्ये थोडी जागा सोडा, नाहीतर वरची पट्टी लोंबते आणि तिच्याखाली रंग शिरतो. आणि प्लेटवर ठेवताना स्टेन्सिल पालथं ठेवायचं. जेल प्रिंट आरशातल्यासारखी उलटी येते. थेट पानावर स्पंजनं रंग लावणार असाल तर सुलटं. स्पंज जवळजवळ कोरडा हवा, आधी टिशूवर टिपून घ्या, आणि घासू नका, टिपत जा.

उन्हाचं बघू. विदर्भातल्या मे महिन्यात ओल्या रंगाची प्रिंट काढायची तर पंखा बंद, कागद आधी कापून हाताशी, आणि रंगात थोडं रिटार्डर मीडियम, म्हणजे रंग हळू वाळवणारं द्रव्य. काही जण ग्लिसरीन घालतात. घालायचंच तर दोन थेंबांवर थांबा, जास्त झालं की प्रिंट चिकट राहते. प्लेटवर पाणी फवारू नका, त्याचे थेंब जमतात आणि प्रिंटवर ठिपके पडतात. रंगाचं प्रमाण ब्रेयरच्या (रंग पसरवायच्या रबरी रोलरच्या) आवाजावरून कळतं. बारीक चिकट चरचर ऐकू आली की थर बरोबर आहे. ब्रेयर आवाज न करता घसरत असेल तर रंग जास्त झालाय, आणि स्टेन्सिलखाली तो शिरणारच. पाच बाय सातच्या प्लेटला मटाराच्या दाण्याएवढे दोन-तीन थेंब पुरतात.

पण उन्हाळ्यात मी ओल्या प्रिंटच्या मागे लागतच नाही. वाळू देते. प्लेटवर गडद निळ्याचा थर लावा, स्टेन्सिल ठेवून भोकांतला रंग टिशूनं टिपून घ्या, स्टेन्सिल उचला आणि प्लेट पूर्ण वाळू द्या. त्यावर दुसऱ्या स्टेन्सिलमधून स्पंजनं लाल किंवा केशरी, तेही वाळू द्या. शेवटी पांढऱ्याचा किंवा फिक्या पिवळ्याचा थर ब्रेयरनं हलक्या हातानं, भराभर फिरवा. एकाच जागी घोळत बसलात तर खालचे थर उखडतात. लगेच कागद ठेवा, वर दोन जाड पुस्तकं, आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. तो शेवटचा थर गोंदाचं काम करतो, खालचे सगळे वाळलेले थर त्याला धरून एका दमात कागदावर येतात. क्रम लक्षात ठेवा. प्लेटवर जे सगळ्यात आधी लावलं ते प्रिंटमध्ये सगळ्यात वर दिसतं, म्हणजे इथे निळी जाळी पुढे आणि पिवळं मागे. या पद्धतीला तुमचं नागपूर पुण्या-मुंबईपेक्षा जास्त सोयीचं आहे, एरवी थर वाळायची वाट बघण्यात निम्मा वेळ जातो.

कागदाचं थोडक्यात: प्रिंटसाठी साधा गुळगुळीत झेरॉक्सचा कागद घ्या. खरबरीत वॉटरकलर पेपरच्या खळग्यांत रंग पोचत नाही. हातकागद मला फार आवडतो, पण तो जर्नलचं पान म्हणून, प्रिंट त्याच्यावर चिकटवायची.

प्लेट बेबी ऑइल आणि टिशूनं पुसा. रंगाचे डाग राहिले तरी पुढच्या प्रिंटला काही होत नाही. ठेवताना दोन्ही बाजूंना गुळगुळीत प्लॅस्टिक शीट लावून आडवी ठेवा. बबल रॅपवर ठेवलीत तर त्याचे फुगे तिच्यावर उमटतात.

राहिलं पानं चिकटण्याचं. ॲक्रिलिक वाळलं तरी उष्णतेनं ते मऊ पडतं, आणि समोरासमोरची दोन रंगीत पानं मिटलेल्या वहीत दाबली गेली की एकमेकांना धरतात. चकचकीत वार्निश किंवा ग्लॉस मीडियम लावलेली पानं जास्त चिकटतात, म्हणून वरचा थर मॅट ठेवा. मॉडेलिंग पेस्टचं पान निदान एक दिवस उघडं राहू द्या. त्यानंतर कोल्ड वॅक्स (न तापवता लावायचं मऊ मेण) मऊ कपड्यावर अगदी थोडं घेऊन चोळा आणि कोरड्या कपड्यानं पुसून काढा. मेण लावलं की त्यावर पेन नीट चालत नाही, म्हणून लिहिणं आधी उरका. मेण नसेल तर प्रत्येक जोडपानात बेकिंगचा बटर पेपर घाला आणि वही आडवी रचून ठेवण्याऐवजी उभी ठेवा. आत्ता जी पानं चिकटली आहेत ती ओढू नका. वही झिप पिशवीत घालून फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवा. ॲक्रिलिक थंडीनं कडक होतं. मग पातळ पॅलेट नाइफ कडेनं हळूहळू आत सरकवत न्या. पान फार वाकवू नका, गार ॲक्रिलिकला तडे जातात. एखादा पोपडा निघून समोरच्या पानावर गेलाच, तर तो तिथेच राहू द्या आणि त्याच्यावर पुढचं काम करा.