एलईडी बल्ब आठ महिन्यांत कसे काय जातात? खोक्यावर तर २५,००० तास लिहिलंय!

प्रश्न थोडक्यात असा: घरातले अकराही बल्ब एलईडी केले. आठ महिन्यांत तीन गेले, तिन्ही हॉलमधल्या छताच्या बंद दुधी गोलातले. मग वीज खरंच वाचते का, की जुने तारेचे बल्बच बरे होते?

वाचते. ६० वॉटचा तारेचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन उजेड देतो, तेवढाच उजेड ८-९ वॉटचा एलईडी देतो. रोज चार तास लागत असेल तर एका बल्बमागे वर्षाला ७४ युनिट वाचले. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

वाद आहे तो त्या बंद गोलावरून. ‘याच गोलात साठ वॉटचा बल्ब वर्षानुवर्षं चालला, तिथे नऊ वॉटचा तापून जाईल कसा?’ हे वाक्य मी वायरमनकडून ऐकलंय, दुकानदाराकडून ऐकलंय आणि नात्यातल्या इंजिनिअरांकडूनही ऐकलंय. म्हणणारे सगळे तितकेच चुकीचे.

तारेच्या बल्बात तापून खराब होण्यासारखं काही नसतंच. तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, तापण्यासाठीच ती केलेली असते, आणि त्यातली बरीचशी उष्णता किरणांच्या रूपात काचेतून बाहेर पडते. एलईडी उष्णता अशी समोर फेकत नाही. नऊ वॉटमधले साधारण सहा वॉट उजेड देणाऱ्या चिपच्या मागच्या बाजूला उष्णता म्हणून उरतात. ती ॲल्युमिनियमच्या पातळ चकतीतून बल्बच्या मानेत उतरते आणि तिथून हवेत जाते. त्या मानेतच ड्रायव्हर (मेनची वीज चिपला चालेल अशी करून देणारं सर्किट) बसलेला असतो, म्हणजे बल्बमधला सगळ्यात नाजूक भाग. छताला उलटा लटकवलेला बल्ब असेल तर मान वर, गरम हवाही वर. वरून बंद गोल. आतली हवा बदलतच नाही, ती तापत जाते आणि तिच्यासोबत ड्रायव्हर शिजतो.

ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारी छोटी डबी) दर १० अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतो. उघड्या होल्डरपेक्षा गोलात तापमान ३० अंशांनी जास्त राहिलं तर त्याचं आयुष्य एक-अष्टमांशावर आलं. शिवाय खोक्यावरचे तास बहुतेक वेळा चिपचे असतात: चिपचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. कपॅसिटर तोवर टिकेल असं वचन त्या आकड्यात नसतं. ज्या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच्या नावावर बल्ब विकला जातो आणि मरतो मात्र करंगळीच्या पेरापेक्षा लहान कपॅसिटरमुळे.

गेलेले बल्ब फेकले नसतील तर उघडून बघा. होल्डरमधून काढल्यावर काही मिनिटं ठेवा, कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असू शकतो. पांढरी टोपी सिलिकॉनने चिकटवलेली असते, कडेने ब्लेड फिरवलं की निघते. आत पिवळे चौकोन दिसतील. एखाद्यावर काळा ठिपका असेल तर ती चिप जळाली. चिपा बहुधा एकामागे एक एका माळेत जोडलेल्या असतात, त्यामुळे एक गेली की सगळा बल्ब अंधार. ठिपका नसेल तर मानेतला कपॅसिटर बघा, त्याचं डोकं फुगलेलं सापडेल. जाण्याआधी बल्ब उशिरा पेटत होता किंवा लुकलुकत होता, तर संशय आधी त्याच्यावर घ्या. दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडून गार झाल्यावर परत लागत असेल तर तो तापतोयच, वेगळा पुरावा नको. आणि टोपी काढलेला बल्ब कृपा करून लावून बघू नका, चिपांपर्यंत थेट मेनचा करंट असू शकतो.

यावर उपाय महाग नाही. गोल काढून टाका किंवा खालून-वरून हवा खेळेल अशी उघडी शेड लावा. गोल ठेवायचाच असेल तर त्यात ५ वॉटच्या वर जाऊ नका आणि उजेड कमी पडला तर दुसरा दिवा दुसरीकडे लावा. बंद फिटिंगला चालतो असं खोक्यावर छापलेले बल्बही मिळतात. फिटिंगवर ‘कमाल ६० वॉट’ लिहिलेलं असतं ते तारेच्या बल्बसाठी, होल्डर आणि वायर वितळू नये म्हणून. आतला एलईडी जगेल की नाही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

बाकीचं भराभर सांगतो. अकराही एकदम बदलायची घाई नको होती. रोज पंधरा मिनिटं लागणाऱ्या बाथरूमच्या बल्बात वर्षाला पाच युनिटही वाचत नाहीत. जास्त तास जळणारे दिवे आधी बदला. चालू असलेला १४ वॉटचा सीएफएल तर जाईपर्यंत वापरा (गेल्यावर कचऱ्यात टाकू नका, आत पारा असतो). रंग दुकानात ठरत नाही: २७०० (पिवळसर) आणि ४००० केल्विनचा (पांढरट) एकेक बल्ब आणा, एकाच होल्डरमध्ये दोन-दोन रात्री लावा आणि मग उरलेले घ्या. ‘पिवळ्याचा उजेड कमी’ हाही गैरसमजच, ल्युमेन वाचा. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९०च्या पुढे असेल तर स्वयंपाकघरात भाजीचा आणि आरशात चेहऱ्याचा रंग खरा दिसतो. स्विच बंद असूनही बल्ब मिणमिणतो? बहुधा स्विचमध्ये इंडिकेटर आहे, नाहीतर स्विच फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रल (परतीची तार) तोडतोय. दुसरं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, कारण तिथे बल्ब बदलतानाही होल्डरमध्ये करंट असतो. जुन्या डिमरला (उजेड कमी-जास्त करणारं बटण) बऱ्याचदा ४०-६० वॉटचा किमान भार लागतो. नऊ वॉटचा एलईडी त्यावर फडफडणारच, मग तो डिमरला चालणारा असो वा नसो.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकाच खोक्यातले दोन सारखे बल्ब घ्या, मानेवर मार्करने तारीख लिहा, एक गोलात लावा, दुसरा तेवढेच तास जळणाऱ्या उघड्या होल्डरमध्ये. तासाभराने दोन्ही बंद करून मानेला हात लावून बघा, जपून. गोलातला आधी गेला की तो तारखेसकट जपून ठेवा. ‘कंपनीच खराब’ म्हणणारा वायरमन पुन्हा येईल तेव्हा त्याच्या हातात द्या. एका जोडीने सिद्ध काही होत नाही हे मलाही कळतं, म्हणून शक्यतो तीन जोड्या लावा.

हां, एक राहिलं. उघड्या होल्डरमधलेही बल्ब पटापट जात असतील, किंवा एखादं जड उपकरण लावल्यावर काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद होत असतील, तर वर लिहिलेलं सगळं विसरा. न्यूट्रल ढिला असू शकतो, आणि त्यात बल्बच काय, फ्रिजही जातो. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. हो, त्याच वायरमनला.