घोट्याचा रक्तदाब कशासाठी?

प्रश्न : माझे वय ६६ असून गेली ११ वर्षे मी उच्च रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. पूर्वी मी धूम्रपान करत असे. पाय दुखत नसतानाही डॉक्टरांनी पायांतील रक्तप्रवाहाची तपासणी सुचवली आहे. तिची खरोखर गरज आहे का?

उत्तर : पाय दुखत नाहीत म्हणून पायांच्या रोहिण्या मोकळ्याच असतील, असे नाही. मेदाचे थर साचून त्या अरुंद होऊ लागल्या, की आजूबाजूच्या लहान वाहिन्या काही काळ ती उणीव भरून काढतात. शिवाय अनेक जण नकळत कमी आणि सावकाश चालू लागतात व त्याचे खापर वयावर फोडतात. म्हणूनच चालताना पोटरी दुखून थांबावे लागणे, हे पुस्तकी लक्षण बहुतेक रुग्णांत आढळत नाही. रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची सरसकट तपासणी करावी की नाही, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु तुमचे वय आणि धूम्रपानाचा इतिहास पाहता हा सल्ला मला योग्य वाटतो.

तपासणी वेदनारहित असते. काही मिनिटे उताणे निजवून दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब डॉपलर यंत्राने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या उपकरणाने) मोजतात, आणि प्रत्येक घोट्याच्या आकड्याला दोन दंडांपैकी जास्त असलेल्या आकड्याने भागतात. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा अधिकच असतो. समजा, तुमच्या दंडाचा दाब १५० आणि घोट्याचा १२८ भरला. नुसता १२८ पाहून कोणीही सुखावेल, पण भागाकार ०.८५ येतो, आणि ०.९० किंवा त्याहून कमी भागाकार हा रोहिणी अरुंद झाल्याचा पुरावा मानला जातो. भागाकार १.४० च्या वर गेला, तर तोही दिलासा नव्हे. दीर्घकाळच्या मधुमेहात किंवा मूत्रपिंडाच्या विकारात रोहिण्या कडक होऊन नीट दाबल्या जात नाहीत, त्यामुळे घोट्याचा आकडा फसवा वाढतो, आणि मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

दोष आढळला तरी लक्षणे नसताना फुगा किंवा स्टेंट घालण्याची सहसा गरज नसते. खरा धोका हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा असतो, कारण असेच थर हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्यांतही साचलेले असू शकतात. त्यामुळे रक्तदाबाचे नियंत्रण, तंबाखूपासून कायमची फारकत, नियमित चालणे आणि बहुधा स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध), असा उपचार ठरतो. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नये, कारण लक्षणे नसलेल्यांत तिचा स्पष्ट लाभ दिसलेला नाही आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो.