कॅबिनेटसोबत ‘५०० वॅट’चा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) फुकट मिळतोय, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डासाठी चालेल का? चांगला एसएमपीएस ओळखायचा कसा?

नका वापरू. खोक्यावरचा आकडा विसरा, एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. +१२ व्होल्टखाली जेवढे अँपिअर लिहिलेत त्यांना १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज याच लाइनवरून ओढतात. मला असाच फुकट मिळालेल्या ‘५०० वॅट’वाल्यावर १८ अँपिअर होते, म्हणजे फक्त २१६ वॅट! बाकी बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टवर फुगवलेली. गेम सुरू केला की पीसी रीस्टार्ट, आणि मी महिनाभर रॅमला शिव्या घालतोय. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो.

‘८० प्लस गोल्ड’ बघूनही लगेच भाळू नका. तो शिक्का कार्यक्षमतेचा, म्हणजे प्लगमधून घेतलेल्या विजेतली किती उष्णतेत वाया जाते एवढाच. रिपल (व्होल्टेजमधला बारीक चढउतार) किती, शॉर्ट झाल्यावर युनिट स्वतःहून बंद होतं का, हे त्यात येत नाही. एटीएक्स या पीसी पॉवर सप्लायच्या मानकाच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टवर रिपल १२० मिलिव्होल्टच्या आत हवा. तो ऑसिलोस्कोपशिवाय (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) दिसत नाही, त्यामुळे नेमक्या त्याच मॉडेलचा, लोड टाकून केलेला रिव्ह्यू शोधा. त्याच ब्रँडचं दुसरं मॉडेल अगदी टाकाऊ असू शकतं.

रिव्ह्यू नसेलच तर वॉरंटी बघा. पाच वर्षांच्या खाली मी तरी घेत नाही.

३०६० ला १७० वॅट लागतात, चांगला ५५० पुरे. ७५० वॅटचा न घेता वाचलेले पैसे यूपीएसमध्ये घाला.