म्युझिक टेक्नॉलॉजी कम्युनिटी कॉलेजात शिकावी का? आधी स्टुडिओचे तास विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, तुम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहता, तो एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरवर रात्र रात्र बीट्स करत बसतो. त्याला एका खासगी ऑडिओ स्कूलमध्ये जायचंय, तिथल्या फीचा आकडा ऐकून तुम्ही दोघं हबकलात. बाबांना कॉम्प्युटर सायन्स हवंय. कुणीतरी कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, सुचवलं, तर तुम्ही विचारताय, "तिथे हे खरंच शिकवतात की नुसता टाइमपास?"

शिकवतात. मी दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी करत संध्याकाळच्या वर्गांना बसून तिथलं रेकॉर्डिंगचं सर्टिफिकेट केलंय आणि तेव्हापासून बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) नाटकांना, मैफलींना साऊंड करतोय. या धंद्यात डिग्रीचं नाव फारसं कुणी विचारत नाही. पैसे मोजून तुम्ही दोनच गोष्टी घेताय: खऱ्या स्टुडिओत हात घालायला मिळणारे तास, आणि यावर पोट भरणाऱ्या माणसांची ओळख. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात हे दोन्ही स्वस्तात मिळतं. मात्र सगळ्या कॉलेजांत सारखं मिळत नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

आधी हिशेब. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर. असोसिएट डिग्रीला ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे २७६० डॉलर. सेमिस्टरऐवजी क्वार्टर पद्धत असलेल्या कॉलेजात युनिट ३१ डॉलरला, पण युनिट जास्त, एकूण जवळपास तेच. वर हेल्थ फी, पार्किंग, पुस्तकं. तुम्ही राहता त्याच गावाच्या कॉलेजात गेलं पाहिजे असंही नाही. तुमच्या आसपास लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल (म्युझिक टेक्नॉलॉजी), पिट्सबर्गचं लॉस मेडानोस (रेकॉर्डिंग आर्ट्स) आणि सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉडकास्ट विभाग आहे. दक्षिणेला पाठवायची तयारी असेल तर ग्लेंडोराचं सिट्रस कॉलेज.

व्हिसाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण आपल्याकडच्या निम्म्या घरांत तो प्रश्न असतोच. मुलगा एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर फी रहिवाशाची लागेल की बाहेरच्याची, हे कॉलेजच्या ॲडमिशन्स ऑफिसकडून लेखी घ्या. मित्राच्या मुलाला काय लागली त्यावर जाऊ नका. बाहेरच्यांचा दर कित्येक पट असतो. आणि वर्क परमिट नसताना एच-४ वर पगारी काम करता येत नाही. या क्षेत्रात शिकणं आणि काम मिळणं शिकत असतानाच सुरू होतं, त्यामुळे ही अडचण फीपेक्षा मोठी ठरू शकते. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, हेही डोक्यात ठेवा.

आता शिकवतात काय. पहिल्या सेमिस्टरला तुमचा मुलगा वैतागेल, हे आत्ताच सांगून ठेवा. बीट्स नाहीत, प्लगइन नाहीत. माइकपासून स्पीकरपर्यंत आवाज कुठून कुठे जातो ते कागदावर काढायचं आणि मग तेच पॅचबेवर, म्हणजे सगळ्या जोडण्यांच्या भोकांच्या पट्टीवर, वायरी खोचून करून दाखवायचं. आमचे सर वर्ग सुरू व्हायच्या आधी कुठेतरी एक घोळ करून ठेवायचे. कधी माइकला लागणारं ४८ व्होल्टचं फँटम पॉवर बंद, कधी एखादी केबल भलत्याच भोकात, कधी एखादा चॅनल गुपचूप म्यूट. "आवाज येत नाहीये, आणा." एवढंच बोलून कॉफी पीत बसायचे. आधी माइक, मग केबल, मग प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा), असं एकेक टप्पा तपासत जाणं तिथे अंगात भिनतं. पुढे लाइव्ह कार्यक्रमात गायिका स्टेजवर उभी आहे, माइक गप्प आहे आणि तीनशे माणसं मागे वळून तुमच्याकडे बघतायत, तेव्हा कामाला येतं ते हेच.

मग फेज, म्हणजे एकच आवाज दोन माइकांत मागेपुढे पोचला की काय होतं ते. हे यूट्यूबवर शंभर वेळा पाहिलं तरी कानाला कळत नाही. आवाज साधारण एका मिलिसेकंदात एक फूट जातो. एकाच वाद्याला दोन माइक लावले, एक जवळ आणि एक तीन फुटांवर, तर दुसऱ्याकडे आवाज सुमारे तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र केले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ होतो. स्नेअर ड्रमला वरून एक, खालून एक माइक लावून खालच्याची पोलॅरिटी (सिग्नलचं अधिक-उणे) उलटी करायची: बटण दाबल्याबरोबर ड्रमचं अंग परत येतं. हे स्वतःच्या कानांनी एकदा ऐकलं की माणूस माइक हलवायला शिकतो. नाहीतर जन्मभर इक्यूची (बेस-ट्रेबलची) बटणं फिरवत बसतो.

तुमच्या मुलाला सगळ्यात जास्त फायदा अकूस्टिक्सच्या तासांचा होईल. बेडरूममध्ये मिक्स केलेलं गाणं गाडीत लावलं की बेस एकतर घुमतो नाहीतर गायब होतो, ही सगळ्या बीटवाल्यांची तक्रार. दोन समोरासमोरच्या भिंती दहा फुटांवर असतील तर त्यांच्यात ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज अडकून उभा राहतो. खोलीत एका जागी तो सूर दुप्पट ऐकू येतो, दुसऱ्या जागी ऐकूच येत नाही. पोरगं खुर्ची हलवायची सोडून बेस कमी-जास्त करत राहतं. आवाज घुमू नये म्हणून खास तयार केलेल्या खोलीत, चांगल्या स्टुडिओ स्पीकरवर स्वतःचंच गाणं ऐकलं की पहिल्या दहा मिनिटांत चेहरा उतरतो. तो उतरायला हवा.

तो तबला शिकलाय असं तुम्ही लिहिलंत. मग त्याला अभ्यासाला एक विषय आयता मिळाला. साध्या ड्रमच्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी सुरात नसतात, तबल्याचे असतात, आणि ते शाईमुळे. सी. व्ही. रामन यांनी यावर १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. तबल्याला माइक लावताना हे समोर येतं: माइक चाटीच्या अगदी जवळ नेला तर नुसती टकटक मिळते, जरा वर आणि मागे घेतला की सूर येतो. डग्ग्याची मींड पकडायला वेगळा माइक लागतो. अमेरिकन शिक्षकांना हे वाद्य वर्गात आणलेलं फार आवडतं. आमच्या सरांनी एक अख्खा तास त्यावर घालवला होता.

कुणी म्हणेल की हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे. सॉफ्टवेअर शिकण्यापुरतं खरंय. पण आठ माइक लावलेला ड्रमसेट, समोर वाजवणारा अनोळखी माणूस, त्याच्या हेडफोनमध्ये त्याला हवं ते पाठवणं, आणि नऊ वाजता दुसऱ्यांचं बुकिंग असल्याने त्याआधी आवरणं, हे घरी कसं जमवणार?

सॉफ्टवेअरवरून भांडण होईलच. बहुतेक कॉलेजांत प्रो टूल्स शिकवतात, काहींत त्याच्यासोबत लॉजिक किंवा एबलटन. मुलगा म्हणेल एफएल असताना हे जुनाट कशाला. फिल्म, टीव्ही आणि मोठ्या रेकॉर्डिंग स्टुडिओत अजून प्रो टूल्सच चालतं, म्हणून. प्रो टूल्स बनवणाऱ्या ॲव्हिडची सर्टिफिकेट परीक्षा द्यायची तर द्या, पण त्या कागदापेक्षा कीबोर्डवर हात किती भराभर चालतात हे लोक बघतात. घरच्यासाठी रीपर नावाचं सॉफ्टवेअर ६० डॉलरला मिळतं आणि त्यात काहीही अडत नाही.

आणि कृपा करून सामान आणू नका. पोराने आवड दाखवली की आपण आधी दुकान गाठतो. माइक कॉम्प्युटरला जोडायचा दोन चॅनलचा इंटरफेस, सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा तसाच एखादा बंद हेडफोन, एक एसएम५७ किंवा एसएम५८ माइक, बास. शिवाय कानातले चांगले इअरप्लग, यावर मात्र काटकसर नको. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांनीही हे वाचावं.

कॉलेज निवडताना वेबसाइटवरचा चकचकीत कन्सोल (मोठा मिक्सर) बघून भुलू नका. प्रत्यक्ष जा, संध्याकाळी जा. विद्यार्थ्याला वर्गाबाहेर आठवड्याला किती तास स्टुडिओ मिळतो? रात्री, शनिवारी उघडा असतो का? बिघडलेला चॅनल दुरुस्त करायला पगारी लॅब टेक्निशियन आहे, की सर सवडीने बघतात? तीस मुलं एकाच कन्सोलभोवती उभी असतील तर हात लावायला मिळतो पाच जणांना, आणि ते पाच जण नेहमी तेच असतात. पुढचे वर्ग दर सेमिस्टरला असतात की वर्षातून एकदा, हेही विचारा. मी पाहिलेल्या एका कॉलेजात पुरेशी नावं आली नाहीत म्हणून ॲडव्हान्स्ड रेकॉर्डिंगचा वर्ग ऐनवेळी रद्द झाला आणि चांगल्या चांगल्या पोरांचं सर्टिफिकेट वर्षभर लटकलं. पास झालेला कोर्स निव्वळ स्टुडिओ वापरायला मिळावा म्हणून पुन्हा घेणं आता नियमात बहुतेक बसत नाही, तेव्हा मिळालेले तास वापरून घ्यायचे. वर्ग भरलेला दिसला तरी वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या दिवशी जाऊन बसायचं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बरीच मंडळी गळतात.

शिकवणारे बरेचसे अर्धवेळ असतात. आपल्या लोकांना ते कमीपणाचं वाटतं. या विषयात ते चांगलं, कारण उरलेला वेळ ते कुठल्यातरी थिएटरात, पोस्ट स्टुडिओत (जिथे शूटिंगनंतर फिल्म-टीव्हीचा आवाज तयार करतात) काम करत असतात, आणि केबल ओढायला माणूस कमी पडला की वर्गातल्या वेळेवर येणाऱ्या पोराला फोन करतात. माझं पहिलं पगारी काम असंच आलं.

आता बाबांचा प्रश्न: पुढे काय? 'प्रोड्युसर' म्हणून कुणी नोकरीवर ठेवत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा. नोकऱ्या आहेत त्या लाइव्ह साऊंडमध्ये, चर्चमध्ये, पॉडकास्टमध्ये, गेम कंपन्यांत, पोस्टमध्ये, आणि बे एरियात विशेषतः कॉन्फरन्सच्या एव्हीमध्ये (ऑडिओ-व्हिडिओच्या कामात). सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी कन्व्हेन्शन सेंटरला एखादी टेक कॉन्फरन्स असते तेव्हा तिथे मिक्सरमागेही माणसं लागतातच. सॅन फ्रान्सिस्कोची स्टेज कामगारांची युनियन आयात्सी लोकल १६, तिची माहिती काढून ठेवा. पोस्टमध्ये जायचं तर लाउडनेसचे आकडे पाठ हवेत: अमेरिकन टीव्हीला उणे २४ एलकेएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक), नेटफ्लिक्सला संवादावर मोजून उणे २७. टीव्हीवरच्या जाहिराती अचानक किंचाळू नयेत म्हणून इथे २०१० मध्ये कायदाच झाला. यातलं काही ग्लॅमरस नाही. पैसे यात आहेत.

सरावाला मंडळं आहेतच. २०२४ मध्ये बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन आपल्या सॅन होजेलाच होतं, आणि दरवर्षी गणपती, दिवाळी, एकांकिका असतात. सगळीकडे मिक्सरमागे कुणीतरी उत्साही काका. मुलाला तिथे उभा करा. नाटकात कपड्याला लावायचा लेपल माइक ठुशीवर आपटून खडखडतो, तो कुठे लपवायचा हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. गायकाला मॉनिटरमध्ये (स्टेजवर त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) तानपुरा हवा असतो, पेटीवाल्याला स्वतःची पेटी, आणि दोघांचं ऐकलं की फीडबॅकची शिट्टी सुरू. मंडळाच्या कपाटातले जुने वायरलेस माइकही त्याला तपासायला सांगा. ६०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले बरेचसे माइक वापरायला एफसीसी या सरकारी दूरसंचार नियामकाने १३ जुलै २०२० पासून बंदी घातलीय, आणि ते अजून सर्रास निघतात.

बाबांसाठी आणखी एक. कम्युनिटी कॉलेजात रेकॉर्डिंगच्या जोडीला कॅल्क्युलस, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग घेता येतं आणि कुठला कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीत चालतो ते असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर दिसतं. कॅल पॉली पोमोनाला म्युझिक इंडस्ट्री स्टडीज आहे. मुलाला गणित आवडलं तर फुटहिलपासून थोड्याच अंतरावर स्टॅनफर्ड आहे, जिथे जॉन चाउनिंग यांना १९६७ साली एफएम सिंथेसिस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वर तयार करायची एक पद्धत, सापडली. यामाहाने तिचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स७ हा सिंथेसायझर आला. असं आवाजावर गणित चालवणारं सिग्नल प्रोसेसिंग हा संगीत आणि कॉम्प्युटर सायन्स यांच्या मधोमध बसलेला विषय आहे, तिथे तुमच्या घरातला वाद बऱ्यापैकी मिटेल.

खासगी स्कूलला डिपॉझिट भरायच्या आधी एवढं करा: तो अजून हायस्कूलमध्ये आहे, तर येत्या सेमिस्टरला ड्युअल एनरोलमेंटमधून (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स घ्यायची सोय) रेकॉर्डिंगचा पहिला कोर्स घ्या. हायस्कूलमधल्या मुलांना बहुतेक कॉलेजं एनरोलमेंट फी माफ करतात. फॉर्मवर त्याच्या काउन्सेलरची आणि तुमची सही लागते, आणि काउन्सेलर सही करायला वेळ लावतात, म्हणून या आठवड्यातच त्यांच्या मागे लागा. व्हिसाचं आणि रेसिडेन्सीचं उत्तर आलं की इथेच लिहा, मग कुठलं कॉलेज ते पाहू.