गहाणखतापासून सुरुवात कर

तू पीएचडीसाठी निवडलेला ‘वसाहती गुलामगिरी आणि भांडवल’ हा विषय फारच ऐसपैस आहे. एकच वसाहत धर. माझं मत विचारशील तर मॉरिशस.

१८३३ च्या कायद्यानं ब्रिटननं गुलामगिरी बंद केली आणि २ कोटी पौंडांची भरपाई दिली, तीही मालकांना! गुलामांना छदामही मिळाला नाही. उलट ‘शिकाऊ’ म्हणून आणखी काही वर्षं मालकाकडेच राबावं लागलं. भरपाईसाठी सरकारनं १८३५ मध्ये रोथशील्ड आणि मॉन्टेफिओरी या लंडनच्या धनकोंमार्फत दीड कोटी पौंडांचं कर्ज उभारलं.

दाव्यांचे कागद लंडनच्या क्यू इथल्या अभिलेखागारात, ‘टी ७१’ या मालिकेत आहेत. दाव्यावर मळेवाल्याचं नाव दिसलं की तिथंच थांबू नकोस. प्रतिदावा, म्हणजे त्याच भरपाईवर दुसरा हक्क, कुणी लावलाय ते बघ. मळा पुष्कळदा गहाण असायचा. साखर विकून देणारा अडत्याच सावकार असायचा, आणि भरपाई परस्पर त्याच्या खात्यात वळती व्हायची. मळ्याच्या उत्पन्नातून वर्षासन घेणाऱ्या विधवाही दावे लावायच्या. खरा आर्थिक इतिहास या भांडणांत आहे. एकूण रकमेच्या तक्त्यात तो सापडायचा नाही.

मॉरिशस सुचवण्याचं आणखी एक कारण आहे. गुलामगिरी संपता संपता तिथं हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, जाऊ लागले. पुढे मराठी माणसंही त्यांत होती. भरपाईचा पैसा हे मजूर आणण्यात किती गेला, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

मात्र तिथली जुनी गहाणखतं फ्रेंचमध्ये आहेत. शिकवणी आत्ताच लाव.